व्हिएन्नातल्या बातम्या लहान झाल्या तेव्हा

१९८७ च्या मध्यावर व्हिएन्ना शहरात एक नवल घडलं. तिथली भुयारी रेल्वे होती तशीच होती. फलाट तेच, गाड्यांचा वेग तोच, गर्दीही तेवढीच. नवे कठडे बसले नव्हते, जादा पहारा लागला नव्हता, कुठलं नवं औषध बाजारात आलं नव्हतं. तरीही या रेल्वेत जीव द्यायला निघालेल्यांची संख्या, म्हणजे गेलेले आणि वाचलेले असे दोन्ही धरून, वर्षाच्या पहिल्या सहामाहीपेक्षा दुसऱ्या सहामाहीत ८० टक्क्यांहून जास्त खाली आली.

मग बदललं काय होतं? वर्तमानपत्रातल्या बातम्या. बाकी काही नाही.

विश्वास बसत नाही ना? बसू नये असंच हे आहे. माणूस जीव द्यायला निघतो तो किती आतून मोडलेला असतो, किती दिवसांचं दुःख त्याच्या पाठीशी असतं. सकाळच्या पेपरात चार ओळी कुठल्या पानावर छापल्या यावर त्याचं जगणं-मरणं कसं अवलंबून असेल? पण ते काही अंशी तसं असतं, हे आज अनेक देशांत, अनेकदा मोजून झालेलं आहे. त्यातला बराच भाग या एकाच शहराने जगाला शिकवला.

झालं होतं ते असं. व्हिएन्नाची भुयारी रेल्वे १९७८ साली सुरू झाली. पहिली काही वर्षं अशा घटना तुरळक होत्या. १९८४ पासून आकडा चढायला लागला आणि पेपरवाल्यांच्या हाती खपाचा विषय लागला. पहिलं पान, ठसठशीत मथळा, जागेचा फोटो, शेवटच्या क्षणांचं इत्थंभूत वर्णन आणि जमलंच तर विफल प्रेमाची किनार. यात कुणी खलपुरुष नव्हता. बातमी मिळाली की ती रंगवून द्यायची, हा त्या धंद्याचा रिवाजच.

ऑस्ट्रियात आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी एक राष्ट्रीय संघटना आहे. गेर्नोट झोनेक हे मानसोपचारतज्ज्ञ तिच्या कामात पुढे होते. या मंडळींना शंका आली, की बातम्या घटनांच्या मागून येत नाहीत, निदान थोड्याफार घटना बातम्यांच्या मागून येतात. त्यांनी बसून एक टिपण तयार केलं. बातमी पहिल्या पानावर नको. मथळ्यात तो शब्द नको. फोटो नको. कसं केलं, कुठे केलं याचा तपशील नको. त्यात काही उदात्त होतं, सुंदर होतं असा सूर नको. एकाच कारणावर बोट ठेवून मोकळं होणं नको. द्यायचीच असेल तर अशा अवस्थेतून माणसं बाहेर कशी पडतात ते द्या, मदत कुठे मिळते ते द्या.

हे टिपण घेऊन ते संपादकांकडे गेले. हातात कायदा नव्हता, दंड करायचा अधिकार नव्हता, जाहिराती बंद करण्याची धमकी द्यावी तर जाहिरातीही नव्हत्या. होता तो एक तर्क. संपादकांनी तो ऐकला, हेच मला या कहाणीतलं पहिलं आश्चर्य वाटतं. (संपादकाला बातमी लहान करायला सांगून पाहिलेल्या कुणालाही ते वाटेल.) मोठ्या खपाच्या पेपरांनी या बातम्या आतल्या पानांवर, थोडक्यात द्यायला सुरुवात केली. काही बातम्या तर छापल्याच नाहीत.

आणि आकडा कोसळला.

आता चोखंदळ वाचक विचारेल, की हा योगायोग नसेल कशावरून? किंवा माणसं भुयारी रेल्वे सोडून दुसरीकडे गेली नसतील कशावरून? शंका रास्त आहे, आणि ती झोनेक यांच्या सहकाऱ्यांनाही होतीच. रेल्वेतला आकडा पुढची कितीतरी वर्षं खालीच राहिला, तोही रेल्वेचं जाळं वाढत असताना. म्हणजे सहा महिन्यांची लहर नव्हती. पण खरी मजबूत साक्ष मिळाली ती वीस वर्षांनी. २००७ मध्ये संशोधक थॉमस निडरक्रोटेनथालर आणि झोनेक यांनी अख्ख्या देशाचा नकाशा समोर घेतला. कुठल्या प्रांतात कुठले पेपर किती वाचले जातात आणि त्यातल्या कुणी सूचना पाळल्या, हे त्यांनी एकावर एक ठेवून पाहिलं. ज्या भागांत सूचना पाळणारे पेपर घरोघर जात होते, तिथे घट ठळक दिसली. सगळ्या देशाचा हिशेब मांडला तर वर्षाला सुमारे ८१ आत्महत्या कमी. ऑस्ट्रिया हा मुंबईपेक्षा कमी वस्तीचा देश आहे. तिथे दरवर्षी ८१ माणसं सकाळी उठून चहा-कॉफी घेत होती आणि आपण कशामुळे वाचलो, किंबहुना आपण वाचलो, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. कुणाचे आभार मानायचे हे कळायला मार्ग नाही, असं हे काम!

पण हे होतं कसं? छापील शब्द माणसाच्या आत जाऊन नेमकं काय करतात?

त्यासाठी त्याच शहरात थोडं मागे जावं लागेल. दुसरं महायुद्ध संपलेलं, व्हिएन्ना चार परकीय सैन्यांत वाटलेली, घरं पडलेली, अशा काळात, १९४८ साली, एर्विन रिंगेल नावाच्या तरुण डॉक्टरने ‘कारितास’ या कॅथलिक सेवासंस्थेच्या आश्रयाने जगण्याला कंटाळलेल्यांसाठी एक मदतकेंद्र उघडलं. युरोपातल्या अशा अगदी पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. रिंगेलचं वय तेव्हा सत्तावीस. जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेल्या ७४५ जणांशी बोलून त्याने १९५३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याला विचारायचं होतं ते इतकंच, की त्या कृतीच्या आधीच्या दिवसांत तुमच्या मनात काय चाललं होतं?

उत्तरं निरनिराळ्या माणसांची, निरनिराळ्या दुःखांची होती. पण त्यांच्या तळाशी रिंगेलला एकच घाट दिसला. आधी माणसाचं जग आकसत जातं. मित्र नकोसे होतात, आवडीनिवडी गळतात, पुढच्या महिन्याचा, पुढच्या आठवड्याचा विचार बंद पडतो. मग कुणावर काढता न आलेला राग स्वतःवरच उलटतो. आणि मग मरणाची चित्रं मनात फिरू लागतात, आधी हौसेने बोलावलेली, पुढे न बोलावता येणारी. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तसं मनाचं होतं. रस्ते दहा बाजूंना फुटलेले असतात, पण दिसतो तो समोरचा एकच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, याच्यापुढे इतके मार्ग होते, याने असं का केलं? त्याला ते मार्ग दिसत होते आणि त्याने ते नाकारले, असं झालेलंच नसतं.

इथे बातमीचं कोडं सुटायला लागतं. अशा अरुंद झालेल्या नजरेसमोर पहिल्या पानावरची बातमी येते तेव्हा ती माहिती म्हणून येत नाही. ‘तुझ्यासारख्याच एकाने असं केलं’ म्हणून येते. आपल्याकडची एखादी ठरीव ओळ घ्या: ‘परीक्षेत कमी गुण मिळाल्याने विद्यार्थ्याने जीवन संपवले.’ बातमीदाराने सात शब्दांत एका पोराच्या आयुष्याचा हिशेब लावून टाकला. त्या वर्षी कमी गुण हजारो मुलांना मिळाले होते आणि त्यांतली जवळजवळ सगळी चार दिवस रडून, बोलणी खाऊन, पुन्हा अभ्यासाला लागली. या मुलाचं दुखणं कदाचित वर्षभर जुनं असेल, कदाचित ते गुणांचं नसेलच. पण ती ओळ वाचणाऱ्या दुसऱ्या, तितकेच कमी गुण मिळालेल्या मुलाला त्यातून एक गणित मिळतं: हे झालं की ते करायचं असतं.

अशा अनुकरणाचा संशय जुना आहे. १७७४ मध्ये जर्मन लेखक गटे याची वेर्थरवरची कादंबरी आली, तिचा तरुण नायक प्रेमभंगाने जीव देतो. युरोपातली पोरं त्याच्यासारखा निळा कोट घालून हिंडू लागली, आणि काहींनी पुढचंही अनुकरण केलं अशी बोलवा उठली. लाइपझिगमध्ये तर त्या पुस्तकावर बंदी आली. ते सगळं किती खरं, किती अफवा, हे दोनशे वर्षं तसंच राहिलं. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४७ ते १९६८ या काळातल्या पहिल्या पानांवरच्या बातम्या आणि त्यापुढच्या महिन्यांतले मृत्यूंचे आकडे शेजारी शेजारी मांडले. बातमी मोठी, तर वाढही मोठी. आणि जिथे तो पेपर जास्त खपतो, तिथे वाढ जास्त. फिलिप्सने याला वेर्थर परिणाम असं नाव दिलं.

हे वाचून मन खट्टू होतं. पण थांबा, कारण याच्या पुढचा भाग मला जास्त थक्क करतो.

शब्द जर ढकलू शकत असतील, तर ते धरूनही ठेवू शकत असतील का?

व्हिएन्नाच्याच एका नाट्यगृहात, ३० सप्टेंबर १७९१ रोजी, मोत्झार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. तिच्यात पापागेनो नावाचा एक पक्षी पकडणारा आहे. खाऊन-पिऊन सुखी, बडबड्या, भित्रा, आपल्या संगीत नाटकांतल्या विनोदी पात्रांच्या कुळातला. त्याची लाडकी पापागेना त्याला मिळून हातची जाते, आणि हा हसरा माणूस प्रेक्षकांसमोर जगाचा निरोप घ्यायला उभा राहतो. तीन मोजेपर्यंत वाट बघतो, असं तो म्हणतो. कुणी हाक मारील का? एक. कुणी नाही. दोन. हे मोजणं मोत्झार्टने असं रेंगाळवलं आहे की अंकांमधल्या शांततेत त्याची थांबवलं जाण्याची आशा ऐकू येते. शेवटी तीन मुलगे धावत येतात. ती मुलं उपदेश करत नाहीत, पाप-पुण्य काढत नाहीत, ‘आई-बापाचा विचार कर’ असंही म्हणत नाहीत. ती त्याला थांबवतात आणि सांगतात, की अरे, तुझ्याकडे त्या जादूच्या घंट्या आहेत, त्या वाजव की!

घंट्या त्याच्याजवळच होत्या. पहिल्या अंकापासून होत्या. तो विसरला होता. रिंगेलने ७४५ माणसांशी बोलून जे लिहिलं, ते मोत्झार्ट आणि त्याचा संहिताकार शिकानेडर यांनी दीडशे वर्षं आधी एका हास्यपात्राच्या तोंडी गाऊन दाखवलं होतं. हा पापागेनो पहिल्या प्रयोगात स्वतः शिकानेडरनेच रंगवला होता.

२०१० मध्ये निडरक्रोटेनथालर आणि मंडळींनी ऑस्ट्रियातल्या ११ मोठ्या पेपरांतले, २००५ च्या पहिल्या सहा महिन्यांतले ४९७ मजकूर वाचून काढले. नुसत्या ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ अशा दोन ढिगाऱ्यांत न टाकता प्रत्येक मजकुरात काय काय आहे याच्या खुणा केल्या, आणि मग प्रत्येक मजकुरानंतरचे आकडे पाहिले. नेहमीच्या गैरसमजुती पुन्हा उगाळणाऱ्या, तोच विषय वारंवार लावून धरणाऱ्या मजकुरांनंतर आकडे वर गेलेले दिसले. ते अपेक्षित होतं. पण एक प्रकार असा निघाला की त्याच्यानंतर आकडे खाली गेले. कुठला प्रकार? ज्यात कुणीतरी सांगतं, की माझ्याही मनात हे विचार आले होते, मी फार वाईट दिवसांतून गेलो, आणि मी अमुक केलं, अमक्याशी बोललो, आणि तो काळ सरला. संशोधकांनी त्याला पापागेनो परिणाम म्हटलं. गावातल्याच पात्राचं नाव, लांब कशाला जायचं!

म्हणजे गप्प बसणं हा या प्रश्नावरचा उपाय नाही, हे लक्षात येतंय का? व्हिएन्नाने आधी बातम्या लहान करून माणसं वाचवली. मग असं दिसलं की योग्य प्रकारे मोठ्याने बोललं तर आणखी वाचतात.

किती मोठ्याने? २०१७ मध्ये लॉजिक या अमेरिकन रॅपरने एक गाणं काढलं. त्याचं शीर्षक म्हणजे निव्वळ एक दूरध्वनी क्रमांक होता, तिथल्या तेव्हाच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा. गाण्यात एक खचलेला तरुण फोन करतो, पलीकडचा माणूस ऐकतो, आणि शेवटाकडे येता येता फोन करणाऱ्याला जगावंसं वाटू लागतं. गाणं तुफान चाललं. ते ज्या ३४ दिवसांत सर्वाधिक गाजत होतं, त्या दिवसांचा हिशेब पुढे निडरक्रोटेनथालर यांनीच सहकाऱ्यांसह मांडला आणि २०२१ मध्ये तो छापून आला. मदतवाहिनीला अपेक्षेपेक्षा ९९१५ फोन जास्त आले होते. आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या होत्या. एक गाणं! त्यात चाल आहे, ताल आहे, आणि ‘इथे फोन करा’ एवढा निरोप आहे.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. ज्याला मरायचंच आहे तो आज नाही तर उद्या मरेल, तुम्ही नुसती तारीख पुढे ढकलता. ऐकायला हे फार व्यवहारी वाटतं. रिचर्ड सायडन या अमेरिकन संशोधकाने ते तपासून पाहिलं. तिथल्या एका पुलावर १९३७ ते १९७१ या काळात लोकांनी किंवा पोलिसांनी अडवून परत आणलेल्या ५१५ माणसांचं पुढे काय झालं, याचा त्याने माग काढला. (पुलाचं नाव मी दिलेलं नाही. का, ते वर आलंच आहे.) १९७८ मध्ये त्याने निष्कर्ष छापला: त्यातली सुमारे ९४ टक्के माणसं एकतर जिवंत होती, किंवा नैसर्गिक कारणाने गेली होती. ज्यांनी टोकापर्यंत पाऊल नेलं होतं, त्यांची ही कथा. तारीख पुढे ढकलली आणि बहुतेकांच्या बाबतीत ती तारीख आलीच नाही. लाट चढते, शिगेला जाते आणि ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी सोबत पाहिजे, किंवा निदान मध्ये काहीतरी अडसर पाहिजे.

ही वेळ आधीच ओळखता आली तर? ती कल्पनाही व्हिएन्नातच राबवून झाली आहे, आणि तीही शंभरेक वर्षांपूर्वी. शाळकरी मुलांच्या आत्महत्यांनी ते शहर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हादरलं होतं. १९१० मध्ये फ्रॉइड, अ‍ॅडलर आणि मंडळी खास या विषयावर चर्चेला बसली. चर्चा विद्वत्तापूर्ण झाली आणि फ्रॉइडने शेवटी प्रांजळपणे कबूल केलं की आपण कुठल्या निर्णयाला पोचलेलो नाही. मग आला एक वैद्यकीचा विद्यार्थी, व्हिक्टर फ्रँकल. हो, छळछावणीतून जिवंत बाहेर येऊन जगण्याच्या अर्थावर पुस्तक लिहिणारा तोच. मराठी वाचकांच्या कपाटात तो बऱ्याच ठिकाणी आहे. छावणीच्या कितीतरी आधी, १९२८ च्या सुमारास, विशीतल्या फ्रँकलने तरुणांसाठी मोफत सल्लाकेंद्रं काढली. डॉक्टर, शिक्षक, कार्यकर्ते बिनपगारी यायचे, मुलांनी त्यांच्या घरी जाऊन भेटायचं आणि बोलायचं. तिथे एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली: धोका वर्षभर सारखा नसतो, प्रगतिपुस्तकं मिळतात त्या दिवसांत तो एकदम वाढतो. १९३० मध्ये त्याने नेमक्या त्याच दिवसांसाठी खास मोहीम लावली. आणि लवकरच असं एक वर्ष उगवलं की व्हिएन्नात एकाही विद्यार्थ्याच्या आत्महत्येची नोंद झाली नाही.

याला प्रयोगशाळेतला पुरावा म्हणता येणार नाही, हे मान्य. पण कॅलेंडरकडे बघून माणसं वाचवायची ही युक्ती किती स्वस्त, किती तल्लख आहे! आपल्याकडे तिचा धागा चेन्नईत सापडतो. तिथे १९८६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. निकालाच्या दिवसांत फोन खणखणतात हे स्वयंसेवकांना दिसत होतं. संस्थेने मागणी लावून धरली की नापास मुलाला वर्षभर वाट बघायला लावू नका, लगेच पुन्हा परीक्षेला बसू द्या. तमिळनाडूत ती सोय झाली. महाराष्ट्रात दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्येच घ्यायला २०१५ पासून सुरुवात झाली. वेळापत्रकातला एक बदल, पण झापडं लागलेल्या पोराला पुढचा एक महिना दिसायला लागतो, आणि एक महिना त्या वयात फार मोठा असतो.

व्हिएन्नाचा हा वारसा १९६० पासून जगाचा होऊ लागला. रिंगेल आणि लॉस एंजेलिसमध्ये असंच केंद्र चालवणारा मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फार्बरो यांनी आत्महत्या प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय संघटना तिथेच स्थापन केली. १० सप्टेंबर हा आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून २००३ पासून जगभर पाळला जातो तो तिच्याच पुढाकाराने. बातम्यांविषयीच्या सूचना जागतिक आरोग्य संघटनेने उचलल्या आणि भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये त्या स्वीकारल्या. कागदावर. पुढच्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर आपल्या वाहिन्यांनी काय केलं ते तुम्हीही पाहिलंय, त्यावर मी जास्त बोलत नाही. ऑस्ट्रियात १९८६ साली २१०० हून जास्त आत्महत्या झाल्या होत्या. २०१९ पर्यंत त्या ११०० च्या आसपास आल्या. त्याचं सगळं श्रेय बातम्यांना नाही, नैराश्यावरचे उपचार सुधारले, डॉक्टर वाढले, संकटकेंद्रं वाढली. पण देशाचा आकडा एका पिढीत जवळजवळ निम्मा होऊ शकतो, हे तिथे झालेलं आहे. भारतात २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. त्याच वर्षी सरकारने पहिलं राष्ट्रीय धोरण आणलं, २०३० पर्यंत दहा टक्के घट हे त्याचं उद्दिष्ट.

आपल्याकडे बोलण्याच्या वाटेत आणखी एक धोंड होती: कायदा. जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेला माणूस रुग्णालयातून थेट आरोपी व्हायचा. मग कोण कुणाला मन मोकळं करून सांगणार? मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच, एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम घटनाबाह्य ठरवलं होतं; न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. अशा माणसाला उपचार हवेत, कोठडी नव्हे, हा त्यामागचा विचार. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तो उचलून धरला आणि १९९६ मध्ये फिरवला. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं गृहीत धरलं, उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या न्याय संहितेत ते जुनं कलम उरलेलं नाही.

कायद्याची धोंड हलली, मनातली हलायची आहे. समजा घरातला भाचा महिनाभर कोपऱ्यात बसून आहे, जेवण कमी झालंय, आवडती क्रिकेटची बॅट त्याने कुणाला तरी देऊन टाकली आहे. आत्याला संशय येतो, पण ती विचारत नाही. विचारलं आणि नसलेला विचार त्याच्या डोक्यात आला तर? ही भीती जवळपास सगळ्यांना असते, आणि ती निराधार आहे. यावरचे अनेक अभ्यास २०१४ मध्ये एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा सरळ विचारल्याने हे विचार वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट काही वेळा ते हलके झाल्याचं दिसलं. तेव्हा आत्याने खुशाल शेजारी बसावं आणि विचारावं, “अरे, खरं सांग, जीव नकोसा झालाय का? मरणाचे विचार येतायत का मनात?” उत्तर “नाही गं आत्या, वेडी आहेस का” असं आलं तर काही बिघडत नाही. “हो” असं आलं, तर ते ऐकून दचकायचं नाही, रागवायचं नाही, ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य तर गिळूनच टाकायचं. त्याला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू घरातून दूर करायच्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा किंवा फोन लावायचा.

फोन कुठे? ‘टेलि-मानस’ ही सरकारी मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिची मध्यवर्ती सूत्रं सांभाळते. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास सुरू असते, आधी भाषा निवडायची असते आणि त्यात मराठी आहे. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. २०२५ पर्यंत तिथे २० लाखांहून जास्त फोन आले होते. फोन स्वतःसाठीच करायला हवा असं नाही. भाच्याच्या काळजीने आत्यानेही केला तरी चालतो, काय बोलावं, कसं बोलावं, हे ते सांगतात.